मधले आवाज : पाश्चात्त्य वाद्यवृंदातली वाद्यं आणि त्यांची कामं



ही व्याख्यानमाला ज्यांच्या स्मरणार्थ चालते ते व्हायोलिनचे शिक्षक होते. तरुणपणी मुंबईतल्या गाण्यांच्या ध्वनिमुद्रणांत त्यांनी बरीच वर्षं दुसऱ्या व्हायोलिनांच्या रांगेत बसून वाजवलं. त्यांच्या नावानं ओळखलं जाणारं एकही गाणं नाही. ज्या गाण्यांत त्यांचा गज फिरला ती मात्र या सभागृहातल्या प्रत्येकाला पाठ आहेत. म्हणून आजच्या व्याख्यानासाठी मी पाश्चात्त्य अभिजात वाद्यवृंदाचा विषय निवडला. त्यातही माझं लक्ष राहणार आहे ते चालीच्या आत बसून वाजवणाऱ्या वाद्यांवर.

आपला कान रागसंगीतावर वाढलेला आहे. एक गायक, एक स्वरधारा. पेटी किंवा सारंगी त्याच वाटेनं मागोमाग येते, तंबोरा षड्जाची आठवण देत राहतो, तबला काळ मोजतो. या मांडणीत ऐकणाऱ्यानं कुठं लक्ष ठेवायचं हा प्रश्नच पडत नाही. असा कान घेऊन आपण सिंफनी ऐकायला बसतो तेव्हा आपोआप चाल शोधतो. चाल व्हायोलिनांकडे असली की व्हायोलिनं ऐकतो, ओबोकडे गेली की ओबो ऐकतो. बाकीच्या तीसचाळीस माणसांचं वाजवणं नुसता भराव होऊन कानांवरून जातं. मैफल संपते, टाळ्या होतात आणि 'छान होतं, पण सगळं एकदमच वाजत होतं' असं म्हणत आपण घरी येतो. हे मी अनेकांकडून ऐकलं आहे आणि त्यांचा मला राग येत नाही. कुठं कान द्यायचा हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

माझं म्हणणं एवढंच आहे : अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्हिएन्ना, मॅनहाइम, लंडन या शहरांत जो वाद्यवृंद घडला त्याचं खरं नवेपण मधल्या आवाजांत आहे. चाली त्याआधीही सुंदर होत्या. मधली जागा मात्र त्या काळात पहिल्यांदा माणसांमध्ये वाटली गेली, आणि प्रत्येक वाद्याला स्वतःचं काम मिळालं.

मोत्झार्टच्या चाळिसाव्या सिंफनीपासून सुरुवात करू. २५ जुलै १७८८ ही तिची तारीख त्यानं आपल्या रचनांच्या सूचीत स्वतः लिहून ठेवली आहे. तिच्या सुरुवातीची चाल तुम्हाला नक्की माहीत आहे. सलील चौधरींनी १९६१च्या 'छाया' चित्रपटात तलत महमूद आणि लता मंगेशकरांच्या द्वंद्वगीतासाठी तीच घेतली होती. आता घरी जाऊन मूळ सिंफनी लावा आणि फक्त पहिला सेकंद ऐका. चाल सुरू होण्याआधीच काहीतरी चालू झालेलं असतं. खालच्या आवाजातली, जलद, बेचैन अशी थरथर. ती व्हायोलांची आहे. मोत्झार्टनं व्हायोला वाजवणाऱ्यांचे दोन गट केले आहेत आणि दोघांना वेगवेगळे स्वर दिले आहेत. चेलो आणि डबल बास खालून फक्त ठोका देतात. जेमतेम सेकंदभरानं पहिली आणि दुसरी व्हायोलिनं एका सप्तकाच्या अंतरानं चाल घेऊन येतात, आणि आपला कान लगेच त्यांच्यामागे धावतो.

चाल उचलता येते, गुणगुणता येते, दुसऱ्या भाषेच्या गाण्यात नेता येते. ती थरथर तशी नेता येत नाही, कारण एकट्या माणसाला ती गाताच येत नाही. पण या सिंफनीतली घालमेल तिथंच आहे. व्हायोलिनांची चाल तशीच ठेवून खाली संथ, लांब स्वर लावले, तर ऐकू येईल ती एक हळवी, काहीशी सभ्य सुरावट. मोत्झार्टनं सगळ्यांच्या आधी व्हायोलांना बोलायला लावलं यामागे त्याचा पक्का विचार आहे.

व्हायोला हे दिसायला थोडं मोठं व्हायोलिन. ते पाच स्वर खाली लावलेलं असतं. खरं तर एवढ्या खालच्या स्वरांसाठी त्याचं पोट व्हायोलिनच्या सुमारे दीडपट लांबीचं हवं. पण तेवढं वाद्य खांद्यावर धरून वाजवता येणार नाही, म्हणून कारागिरांनी तडजोड केली. शरीर लहान आणि स्वर खोल, यातून त्याचा तो किंचित धुरकट, आत वळलेला आवाज तयार होतो. झगमगाट त्याला जमत नाही. मोत्झार्टनं १७७९ साली व्हायोलिन आणि व्हायोला या दोघांसाठी मिळून एक मोठी रचना केली. तीत व्हायोला झाकोळू नये म्हणून त्याच्या तारा अर्ध्या स्वरानं चढवून वाजवायला त्यानं सांगितलं आहे. तारा ताणल्या की आवाज उजळतो. ज्याला हा आवाज इतका आतून ठाऊक होता, तो स्वतः मित्रांबरोबर चौघांत वाजवायला बसला की व्हायोला घ्यायचा. बाखलाही व्हायोला वाजवायला आवडे. बेटोव्हेन तरुणपणी बॉनच्या दरबारी वाद्यवृंदात व्हायोला वाजवत होता. शूबर्ट घरच्या चौकडीत व्हायोला धरायचा, द्वोर्झाकनं प्रागमध्ये नाटकगृहाच्या वाद्यवृंदात तेच वाजवून पोट भरलं. ही यादी योगायोगाची नाही. मध्यभागी बसलेल्याला वरचं आणि खालचं दोन्ही ऐकू येतं, आणि रचना आतून कशी बांधली आहे हे त्याच्याइतकं कुणालाच कळत नाही.

आता ही मधली जागा निर्माण कशी झाली ते पाहू. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात वाद्यवृंदाच्या मधोमध हार्प्सिकॉर्ड असे. वर चाल, खाली चेलो-बासाची ओळ, आणि या दोहोंमधला भाग हार्प्सिकॉर्ड वाजवणारा आपल्या डाव्या-उजव्या हातानं भरून काढी. त्याला पूर्ण स्वर लिहूनही दिलेले नसत. खालच्या ओळीवर आकडे लिहिलेले असत आणि त्यांवरून तो तिथल्या तिथं स्वरमेळ बांधत जाई. म्हणजे साऱ्या वाद्यवृंदाचा मधला भाग एका माणसाच्या दहा बोटांत होता. व्हायोलाला फारसं काम नव्हतं, ते बहुतेक वेळा बासाचीच ओळ वरच्या सप्तकात वाजवायचं. बासूनही बासालाच चिकटलेलं.

१७५० नंतर हे बदलत गेलं. हार्प्सिकॉर्डची गरज कमी कमी होत गेली. हायडन १७९१ मध्ये लंडनला गेला तेव्हाही तो कार्यक्रमात कळफलकाच्या वाद्यापाशीच बसत होता, पण ते आता नेतृत्वाची जागा म्हणून. स्वरमेळ भरायला त्याची गरज उरली नव्हती. ती भरपाई आता दुसरी व्हायोलिनं, व्हायोला, हॉर्न, बासून, क्लॅरिनेट यांच्यात वाटली गेली होती. एका माणसाच्या दहा बोटांतलं काम वीस माणसांकडे गेलं, आणि त्या वीस जणांच्या आवाजांचे रंग वेगवेगळे होते. माझ्या मते वाद्यवृंदाच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी घटना आहे. तिला ना नेमकी तारीख आहे, ना तिचा कुणी एक जनक.

एक माणूस मात्र या बदलाच्या मधोमध तीस वर्षं बसून होता. योझेफ हायडन १ मे १७६१ रोजी एस्टरहाझी घराण्याच्या चाकरीत लागला. करारानुसार त्याला दरबारी गणवेश घालावा लागे, पांढरे मोजे आणि पावडर लावलेला केशसंभार सांभाळावा लागे, आणि साऱ्या वाद्यांची आणि वादकांच्या वागणुकीची जबाबदारी त्याच्यावर असे. हाताशी सुरुवातीला पंधराच्या आसपास वादक होते, पुढे वीस-बावीस. पण ते रोज हाताशी होते. सकाळी लिहिलेलं संध्याकाळी वाजवून बघता येत होतं. कोणत्या हॉर्नवाल्याचा दम किती, कोणत्या ओबोवाल्याला कोणता स्वर जड जातो, हे त्याला माणसागणिक ठाऊक होतं. चाकरीच्या पहिल्याच वर्षी त्यानं सकाळ, दुपार आणि संध्याकाळ अशा तीन सिंफनी लिहिल्या. त्यांत त्यानं जवळजवळ प्रत्येक वाद्याला एकट्यानं बोलायची संधी दिली आहे, अगदी डबल बासालासुद्धा. नव्या मुकादमानं आपल्या माणसांशी करून घेतलेली ही ओळखच म्हणायची.

आणि मग १७७२ ची पंचेचाळिसावी सिंफनी, जिला 'निरोपाची' म्हणतात. एस्टरहाझी घराण्याचे राजे निकोलाउस यांनी हंगेरीतल्या दलदलीच्या मुलखात नवा प्रासाद बांधला होता आणि त्या वर्षी तिथला मुक्काम लांबतच चालला होता. वादकांची बायकामुलं तिकडे घराण्याच्या जुन्या ठिकाणी, आयझेनश्टाटला. हायडननं अर्ज केला नाही, सिंफनी लिहिली. तिच्या अखेरच्या भागात वेगवान संगीत अचानक थांबतं आणि संथ सुरू होतं. आधी पहिला ओबो आणि दुसरा हॉर्न आपला शेवटचा तुकडा वाजवून मेणबत्ती विझवतात आणि उठून जातात. मग बासून. मग दुसरा ओबो आणि पहिला हॉर्न. मग डबल बास, जाताना एक लांब, काहीशी घाईची ओळ वाजवून. मग चेलो, मग बहुतेक व्हायोलिनं, मग व्हायोला. शेवटी उरतात दोन व्हायोलिनं, आवाज दाबून धरलेली. राजांना अर्थ कळला आणि मुक्काम हलवण्याचा हुकूम निघाला, अशी आठवण हायडनच्या सुरुवातीच्या चरित्रकारांनी नोंदवली आहे.

ही गोष्ट बहुतेक ठिकाणी हायडनच्या चातुर्याचा नमुना म्हणून सांगितली जाते. मला मात्र ती वाद्यवृंद शिकण्याचा सर्वांत चांगला पाठ वाटते, कारण कोणतं वाद्य काय काम करतं हे ते निघून गेल्यावरच नीट ऐकू येतं. ओबो आणि हॉर्न गेले की आवाजाची बाहेरची कड नाहीशी होते. सूर तेच असतात, पण ते उघड्यावरून आत आल्यासारखे वाटतात. डबल बास जातो त्या क्षणी जमीन सरकते. चेलो अजून खाली आहे, तरी वरचं सगळं हलकं होऊन तरंगायला लागतं. व्हायोला जातं तेव्हा तर नक्की काय गेलं हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला सांगताच येत नाही, फक्त ऊब कमी झाल्याचं जाणवतं. या सिंफनीचं ध्वनिचित्रण लावून डोळे मिटा आणि कोण गेलं ते ओळखायचा प्रयत्न करा. तासभराच्या व्याख्यानानं होणार नाही इतकं शिक्षण त्या सातआठ मिनिटांत होतं.

याच सिंफनीसाठी हॉर्नच्या नळ्यांना अर्ध्या स्वराचे खास जोड बनवून घ्यावे लागले होते, कारण एफ शार्प या पट्टीत कुणी हॉर्न वाजवतच नसे. इथं मला हॉर्नबद्दल जरा सविस्तर बोललं पाहिजे.

आजच्या हॉर्नला झडपा असतात. त्या आल्या १८१५ च्या सुमारास. त्याआधीचा हॉर्न म्हणजे वेटोळं घातलेली लांब पितळी नळी, दुसरं काही नाही. तंबोऱ्याची खर्जाची तार नीट लागली की तिच्यातून स्वयंभू गंधार ऐकू येतो. कुणी तो छेडलेला नसतो, तो त्या तारेच्या पोटातच असतो. हॉर्नच्या नळीच्या पोटातही असेच स्वयंभू स्वर असतात, आणि वादकाला ओठांच्या ताणावर तेवढेच काढता येतात. खालच्या भागात ते एकमेकांपासून दूर दूर असतात, वर गेलं की जवळ येतात. मधल्या जागा रिकाम्या. अठराव्या शतकाच्या मध्याला ड्रेस्डेनच्या हाम्पेलनं हॉर्नच्या तोंडात हात सरकवून मधले काही स्वर काढायची रीत बसवली, पण ते स्वर दबके आणि घुसमटलेले येत. पट्टी बदलायची असेल तर नळीत जादा वेटोळं घालायचं, आणि त्यासाठी वादकाला दोनपाच क्षण थांबावं लागे.

इतक्या मर्यादा असूनही हॉर्न वाद्यवृंदाच्या मधोमध का बसला? कारण त्याचा लांब धरलेला स्वर इतर सगळ्या आवाजांना जोडतो. तो लाकडी वाद्यांमध्ये मिसळतो आणि तंतुवाद्यांमध्येही. दोन हॉर्न मागे नुसता स्वर धरून असले की पुढची सगळी धावपळ एका छपराखाली आल्यासारखी वाटते. चाळिसाव्या सिंफनीत मोत्झार्टनं एक हॉर्न जी पट्टीतला आणि दुसरा बी फ्लॅटमधला घेतला आहे. कारण मायनर पट्टीतले जे स्वर एकाच्या नळीत नाहीत ते दुसऱ्याच्या नळीत मिळतात. दोघं मिळून एक पूर्ण वाद्य होतात. ऐकणाऱ्याला हे कधीच कळत नाही, आणि कळू नये अशीच ती योजना आहे.

बेटोव्हेनच्या पाचव्या सिंफनीतलं उदाहरण याहून बोलकं आहे. ही सिंफनी २२ डिसेंबर १८०८ रोजी व्हिएन्नात पहिल्यांदा वाजली. सुरुवातीचे चार ठोके जगाला ठाऊक आहेत. ते तंतुवाद्यांबरोबर क्लॅरिनेटंही वाजवतात, हे मात्र फार थोड्यांच्या लक्षात येतं. त्यानंतर मिनिटभरातच हॉर्न एकटे एक ललकारी देतात आणि दुसरं, शांत स्वभावाचं सूत्र सुरू होतं. हॉर्न ई फ्लॅटमध्ये लावलेले आहेत आणि तिथं संगीतही ई फ्लॅट मेजरमध्ये आलेलं आहे, त्यामुळे ती ललकारी त्यांच्या नळीत सहज बसते. पुढं हाच मजकूर पुन्हा येतो तेव्हा संगीत सी मेजरमध्ये असतं. ई फ्लॅटच्या नळीतून आता ती ललकारी मोकळेपणानं निघत नाही आणि वेटोळं बदलायला मध्ये उसंत नाही. बेटोव्हेननं ती दोन बासूनांना दिली.

झडपांचे हॉर्न आल्यावर पुष्कळ संचालकांनी ती जागा पुन्हा हॉर्नकडे दिली. बेटोव्हेनच्या हाताशी आजचे हॉर्न असते तर त्यानंही तेच केलं असतं, असा त्यांचा युक्तिवाद. मला तो पटत नाही. पहिल्या वेळी ललकारी दरीपलीकडून आल्यासारखी उघडी आहे. दुसऱ्यांदा, इतका झगडा होऊन गेल्यावर, ती बासूनच्या काहीशा कोरड्या, घोगऱ्या आवाजात येते आणि तेच शब्द वय झालेल्या माणसानं उच्चारल्यासारखे वाटतात. अडचणीतून निघालेली वाट अनेकदा सोयीच्या वाटेपेक्षा अर्थपूर्ण असते. ज्या वाद्यवृंदात ही जागा बासूनांकडे ठेवली जाते त्यांचं वाजवणं मी जास्त विश्वासानं ऐकतो.

बासून म्हणजे दुहेरी पत्तीचं, उंच, लाकडी वाद्य. सनईची पत्ती ज्या तऱ्हेनं बोलते त्याच कुळातली त्याची आणि ओबोची पत्ती. ओबो त्या कुळाचा वरचा आवाज, बासून खालचा. कार्यक्रमाआधी सगळा वाद्यवृंद ओबोच्या 'ए' स्वरावर आपली वाद्यं जुळवतो. ओबोचा आवाज टोकदार असल्यामुळे गोंगाटातही तो ऐकू येतो. बासचं ओझं वाहता वाहता बासूनला स्वतःची वाणी सापडली ती मोत्झार्ट आणि हायडनच्या हातात. हायडनच्या 'घड्याळ' सिंफनीतली टिकटिक ऐका. तंतुवाद्यांच्या तारा बोटांनी छेडल्या जातात आणि त्यांच्यासोबत बासून चालत असतं. बासूनचा आवाज आहे म्हणून ते घड्याळ जिवंत वाटतं.

फ्लूट आणि ट्रम्पेटबद्दल मी फार बोलणार नाही, ती आपली आपण ऐकू येतात. क्लॅरिनेटबद्दल थोडं बोललंच पाहिजे, कारण ते या घरात सर्वांत उशिरा आलं. १७०० च्या सुमारास न्युरेम्बर्गच्या डेनरनं ते घडवलं, पण वाद्यवृंदात त्याला जागा मिळायला अर्धं शतक गेलं. मॅनहाइमच्या दरबारात क्लॅरिनेटं होती. १७७८ साली तिथून वडिलांना लिहिलेल्या पत्रात तरुण मोत्झार्टनं, आपल्या साल्झबुर्गला क्लॅरिनेटं असती तर किती बरं झालं असतं, अशी हळहळ व्यक्त केली आहे. फ्लूट, ओबो, क्लॅरिनेटांच्या आवाजाचे रंग त्याला वडिलांना समजावून सांगायचे होते. दहा वर्षांनी त्यानं चाळिसावी सिंफनी क्लॅरिनेटांशिवाय लिहिली आणि नंतर क्लॅरिनेटं घालून ती पुन्हा मांडली. ओबोकडून काढून काही जागा त्यानं क्लॅरिनेटला दिल्या आणि चित्राच्या कडा एकदम मऊ झाल्या. दोन्ही पाठ उपलब्ध आहेत. शेजारी ठेवून ऐकले की वाद्य बदलल्यानं काय होतं ते कुणाच्याही ध्यानात येतं. आपल्याकडे हेच क्लॅरिनेट लग्नाच्या बँडमधून गावोगाव पोचलं, ते मात्र चाल वाजवणारं म्हणून.

टिंपनी ही नगाऱ्याच्याच घराण्यातली. पश्चिम आशियातले जोडनगारे मध्ययुगात युरोपात गेले, घोडदळात रुजले आणि तिथून ट्रम्पेटांसह वाद्यवृंदात आले. हायडनच्या काळात दोनच असत, एक षड्जावर आणि एक पंचमावर लावलेला. म्हणून ते मूळ पट्टीशी बांधलेले असत. संगीत दूरच्या पट्टीत गेलं की टिंपनी गप्प, घरी परतलं की टिंपनी बोलती. त्या काळच्या श्रोत्याला घर आल्याची खूण त्यांच्यामुळेच पटत असे. बेटोव्हेननं व्हायोलिन कॉन्चेर्टोची सुरुवातच टिंपनीच्या हलक्या ठोक्यांनी केली, आणि तोवर खूण म्हणून राहिलेलं वाद्य मुद्दा मांडू लागलं.

दुसऱ्या व्हायोलिनांचा उल्लेख केल्याशिवाय आजचं व्याख्यान पुरं होऊ शकत नाही. वाद्य तेच, तारा त्याच, वादक तितकेच तयार, फरक फक्त कामाचा. पहिली व्हायोलिनं वर, आणि दुसरी त्यांच्या खाली किंवा त्यांच्या आत. त्यांचं मोल समजायला एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जायला हवं. त्चायकोव्स्कीची सहावी सिंफनी २८ ऑक्टोबर १८९३ रोजी सेंट पीटर्सबर्गमध्ये त्यानं स्वतः सादर केली आणि नऊ दिवसांनी तो वारला. तिच्या अखेरच्या भागाची सुरुवात उतरत्या, हुंदक्यासारख्या चालीनं होते. कुणालाही ऐकवा, तो ती चाल लगेच गुणगुणेल. पण स्वरलिपी उघडलीत तर ती चाल कुठंच सापडत नाही. पहिला स्वर एका गटाकडे, दुसरा दुसऱ्याकडे, तिसरा पुन्हा पहिल्याकडे, अशी ती दोन व्हायोलिनांत वाटलेली आहे. कुठल्याही एका गटाचा कागद एकट्यानं वाजवला तर निघतात वेड्यावाकड्या उड्या. चाल होते ती ऐकणाऱ्याच्या कानात. त्या काळी हे दोन गट रंगमंचाच्या दोन बाजूंना समोरासमोर बसत. म्हणजे एकेक स्वर डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे येत होता, दुःख दोन्हीकडून ओढत होतं. पुढं सोयीसाठी दोन्ही गट डावीकडे शेजारी बसू लागले आणि ही गोष्ट बऱ्याच अंशी हरवली. आता काही वाद्यवृंद जुनी बैठक परत आणत आहेत, ते योग्यच आहे.

आता आपल्या मुलखाकडे येतो. पोर्तुगीज काळात गोव्यातल्या चर्चच्या शाळांमध्ये मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवलं जाई. तिथं तयार झालेली माणसं मुंबईला आली, हॉटेलांत वाजवू लागली, मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये उभ्या केलेल्या बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रात वाजवू लागली आणि चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांत बसू लागली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांच्यातले. संगीतकार प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. १९५८ मध्ये गोन्साल्विस यांनी मुंबईत भारतीय सिंफनी वाद्यवृंद उभा करून रागांवर आधारलेल्या रचना सादर केल्या. सेबॅस्टियन डिसूझा यांनी शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांची वाद्यरचना वर्षानुवर्षं केली. संगीतकार चाल देत असे, आणि चेलोनं कुठं खालून यायचं, व्हायोलिनांनी गायिकेच्या ओळीला कुठं उलट उत्तर द्यायचं, हे कागदावर लिहिलं जाई ते यांच्या हातून. एका स्वरधारेच्या संगीताला मधली जागा मिळवून देण्याचं काम या माणसांनी केलं आणि त्यांतल्या बहुतेकांची नावं श्रेयनामावलीत आली नाहीत. आपण ती गाणी गायक आणि संगीतकारांच्या नावानं जपतो. यात या वादकांवर अन्याय झाला आहे, आणि तो मान्य करायला आता हरकत नसावी.

मेहली मेहतांचे चिरंजीव झुबिन १९५४ साली व्हिएन्नाला संचालन शिकायला गेले, तेव्हा त्यांनी वाद्य म्हणून डबल बास घेतला. पुढं जगभरच्या वाद्यवृंदांसमोर उभं राहणाऱ्या या माणसानं सर्वांत तळाशी बसून ऐकायला शिकणं पसंत केलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

मुंबईच्या एनसीपीए या कलासंस्थेत २००६ पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. हा आपल्या देशातला पहिला पूर्णवेळ व्यावसायिक सिंफनी वाद्यवृंद. त्याच्या बाकांवर नजर टाकली तर आजही परदेशांतून आलेले वादक मोठ्या संख्येनं दिसतात. त्यांच्याविषयी मला कृतज्ञता आहे, ते नसते तर आपल्याला इथं बेटोव्हेन प्रत्यक्ष ऐकायला मिळाला नसता. पण कारणाकडे पाहिलं पाहिजे. आपल्या शहरांत गिटार, कळफलक आणि व्हायोलिनचे वर्ग हवे तितके आहेत. व्हायोला, बासून, हॉर्न, डबल बास शिकायचा म्हटला तर गुरू शोधत फिरावं लागतं. मुलानं एकट्यानं मंचावर चाल वाजवून दाखवावी अशी पालकांची इच्छा असते आणि वर्ग चालवणारे त्याच मागणीवर चालतात. ज्या वाद्यांचं कामच दुसऱ्यांना धरून ठेवण्याचं आहे ती मग कुणीच शिकत नाही. एकट्या चालीच्या शिक्षणातून वाद्यवृंद कधीही उभा राहत नाही. त्यासाठी मधल्या बाकांवर बसणारी माणसं लहानपणापासून घडवावी लागतात. एनसीपीएनं मुलांसाठी सुरू केलेल्या शिक्षणातून ते काम होऊ लागलं आहे, पण एका संस्थेच्या बळावर ते पुरं होणार नाही.

या सभागृहात संगीत विद्यालयं चालवणारे अनेक जण बसलेले दिसतात. त्यांच्यापुढं माझी एक मागणी आहे. येत्या जूनपासून आपल्यापैकी निदान एका संस्थेनं व्हायोलाचा वर्ग सुरू करावा. व्हायोलिन येणारी चारदोन मुलं निवडावीत आणि त्यांना संस्थेची वाद्यं वापरायला द्यावीत, कारण व्हायोला विकत घेणं प्रत्येक घराला परवडणारं नाही. गोव्यातून किंवा मुंबईहून महिन्यातून दोनदा शिक्षक बोलवावा. त्याच्या प्रवासखर्चाचा भार पहिल्या वर्षी उचलायला मी तयार आहे, आणि आजच्या व्याख्यानाचं मानधन त्यासाठीच संयोजकांकडे ठेवून जात आहे. ज्यांना यात सहभागी व्हायचं असेल त्यांनी कृपया कार्यक्रम संपल्यावर थांबावं.